वाढलं गं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. नाथाबुवा, पखवाजाला कणीक नंतर लावा, आता थोडा वेळ हाताला विश्रांती द्या. आता आख्यान!

आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही. घाईनं उत्तर देणाऱ्यांचीच आजची कथा आहे. प्रश्न असा — तोंडातून एकही खोटा शब्द न काढता माणूस दुसऱ्याला बुडवू शकतो का?

मागून कुणीतरी 'नाही' म्हणालं. म्हणू द्या. कथा संपली की त्यालाच परत विचारू.

आणि हो, ते मोबाईल! एरवी मी बंद करायला लावतो. आज चालू राहू द्या, आज कथाच त्यांची आहे. 'घरबसल्या कमवा, रोज कमवा' असा निरोप ज्याच्या मोबाईलवर कधीच आला नाही, त्यानं हात वर करा बघू... एकच हात! आणि तो गणूतात्यांचा. तात्यांकडे मोबाईलच नाही. सुखी आहात तात्या, असेच राहा!

तर ऐका. वाळेगाव म्हणून एक गाव. नदीकाठी वसलेलं, दर गुरुवारी बाजार भरणारं. त्या बाजारात मारुतीच्या देवळाच्या कडेला, मोठी काळी छत्री रोवून एक बाई बसायची. द्वारकाबाई कासार. गाव तिला द्वारकाक्का म्हणायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात कामाला, आणि हिचा संसार म्हणजे पुढ्यातला बांगड्यांचा माल.

आता बांगड्या भरणं म्हणजे काय, हे पुरुषांना सांगायला पाहिजे. तुम्ही फक्त पैसे देता आणि कुरकुर करता! अहो, ती एक कला आहे. बाईचा हात हातात घ्यायचा, पंजा हलके हलके चेपायचा, 'सैल सोड गं, सैल सोड' म्हणत अंगठा आत दाबायचा आणि बांगडी अशी सरकवायची, की दुखलं हे कळायच्या आत ती मनगटात गेली पाहिजे. तेवढा वेळ त्या बाईचा हात कासारणीच्या हातात अडकलेला असतो. मग बाई बोलते. सासूचं बोलते, नवऱ्याचं बोलते, आईलाही सांगितलेलं नसतं ते बोलते. वाळेगावातल्या घराघरातली गोष्ट द्वारकाक्काला ठाऊक होती, आणि ती या कानाची त्या कानाला कळली नव्हती. म्हणून बांगड्या भरून झाल्या की बाया तिला वाकून नमस्कार करायच्या. रीतच आहे ती. पण तिला करायच्या तो मनापासून करायच्या.

आणखी एक रीत सांगतो, लक्षात ठेवा, सगळी कथा तिच्यावरच उभी आहे. बांगडी भरताना कधी कधी पिचकते, तुटते. तेव्हा कासारीण काय म्हणते? पोरींनो, तुमच्या आयांना विचारा. 'फुटली' म्हणत नाही! सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली, असं कोण म्हणेल? तो शब्द कोणत्या दिवशी कानावर येतो हे बायकांना सांगायला नको. कासारीण म्हणते — 'वाढली'. बांगडी वाढली. आपण दिवा विझवतो का? दिवा वाढवतो. दुकान बंद करतो का? दुकान वाढवतो. नको तो शब्द जिभेवर येऊ नये म्हणून आपल्या माणसांनी चांगला शब्द त्याच्यावर पांघरला. द्वारकाक्काच्या जिभेला जन्मात 'फुटली' हा शब्द शिवला नव्हता.

आता हिच्या हातात मोबाईल आला. मुलानं दिला, आईचं तोंड दिसावं म्हणून. त्याच सुमाराला बाजाराचा रंग पालटत होता. पोरी तालुक्याच्या दुकानातून धातूच्या, रबराच्या बांगड्या आणायला लागल्या. काचेच्या बांगड्या भरणारे हात कमी झाले. दुपार दुपार छत्रीखाली रिकामं बसायचं, तर मोबाईल बघायचा. आणि एक दिवस त्यात निरोप आला. 'सुवर्णलता' नावाचा कार्यक्रम. महिलांसाठी खास! घरबसल्या कमाई! काम काय? तर साड्यांची, हॉटेलांची चित्रं येतील, त्यांच्याखालचं बदामाचं चिन्ह दाबायचं. झालं!

हसताय? हसा. बदाम दाबल्याचे पैसे कोण देईल आणि कशाला देईल, हे इथं मंडपात बसून आपल्याला लख्ख दिसतं. पण पैसे आले हो! दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यात थोडे पैसे खरंच जमा झाले.

आणि इथं ती अडकली. कशी? सांगतो. बाजारात बसणाऱ्याला सकाळी पहिलं गिऱ्हाईक येतं, त्याचे पैसे म्हणजे भवानी. ते पैसे कपाळाला लावायचे, देवापुढं ठेवायचे. भवानी करणाऱ्याशी घासाघीस नाही, त्याच्यावर संशय नाही, त्याला रिकाम्या हातानं पाठवणं नाही. द्वारकाक्कानं तो मोबाईल कपाळाला लावला! देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहिलं. ज्यानं भवानी केली तो तिच्या लेखी घरचा झाला. मासे धरणारा गळाला पीठ लावतो, ते माशाचं पोट भरावं म्हणून लावत नाही. पण तिनं ते पीठ देवापुढं ठेवलं, आणि तिथून पुढं शंका घेणं तिला पाप वाटायला लागलं.

मग फोनवर एक गोड आवाज यायला लागला. किमया मॅडम. 'ताई, जेवलात का? ताई, तब्येत कशी आहे?' पोटचा पोरगा आठवड्यानं फोन करायचा, ही रोज करायची. ताई, आता वरची पायरी घ्या, थोडी रक्कम भरा, म्हणजे मोठं काम मिळेल. द्वारकाक्कानं भरली. संध्याकाळी पडद्यावर आकडा मोठा झालेला, आणि खाली निरोप — 'अभिनंदन! आपली रक्कम वाढली.' पुन्हा भरली. पुन्हा निरोप. रक्कम वाढली. वाढली. वाढली!

मंडळी, सगळा जन्म त्या शब्दाचा दुसरा अर्थ जिच्या तोंडात होता, तिलाच तो ऐकू आला नाही.

छत्रीखाली बातमी पसरायला वेळ लागतो का? हात अडकलेल्या बाया ऐकायच्या. अक्कानं सांगितलं म्हणजे झालं, असं म्हणून दोघीचौघींनी थोडे थोडे घातले. त्यात एक होती शालन. अक्काची जिवाची मैत्रीण. शालनच्या लग्नाचा चुडा अक्कानंच भरलेला. त्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, आईनं दिलेल्या. अक्का हिरव्या बांगड्या भरायची त्या पाटल्यांच्या मागं-पुढं, मोजून-मापून, शोभतील अशा. त्या पाटल्या कशासाठी राखल्या होत्या? मुलीसाठी. मोनालीसाठी. पोरीची मिरजेला नर्सिंगला जागा लागली होती. पाटल्या मोडायच्या आणि फी भरायची, हे मायलेकींचं कधीच ठरलेलं होतं. फी भरायचा दिवस जवळ येत होता.

ही मोनाली पण मोबाईलवरच कमवत होती बरं का! म्हणजे सगळंच ऑनलाइन खोटं, असं म्हणून घरी जाऊ नका. ती लोकांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून ते लिहून द्यायची. त्या कंपनीनं आधी तिची परीक्षा घेतली. दर किती, पैसे कधी, हे सांगितलं. एकदा तिचं काम परत आलं, आणि का परत आलं तेही लिहून आलं. पैसे महिन्याच्या शेवटी यायचे, आणि तेही थोडेच. ना कुणी तिला ताई म्हणालं, ना अभिनंदन केलं. कान दुखेपर्यंत ऐकायचं आणि लिहायचं. असं रुक्ष काम! त्याचं कौतुक कोण करणार?

पोरीनं अक्काला छत्रीखाली येऊन एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, काम देणारा आपल्याला पैसे देतो. हे तुमच्याकडून का घेतात?" अक्काला राग आला. तुझे महिन्यानं येतात, माझे रोज वाढतात, असं काहीतरी ती बोलून गेली. पोरगी भांडली नाही. एवढंच म्हणाली, की पडद्यावरचे राहू द्या, त्यातले थोडे काढून हातात घेऊन बघा.

बघा हं, किती साधी गोष्ट! काढून बघा. विहिरीला पाणी किती हे वरून बघून कळत नाही, पोहरा सोडावा लागतो.

अक्का रागावली खरी, पण ते बोलणं तिच्या मनात राहिलं. तिनं पैसे काढायला मागितले. किमया मॅडम म्हणाल्या, का नाही ताई, तुमचेच आहेत, फक्त आधी कर भरावा लागेल. स्वतःचेच पैसे घ्यायला आधी पैसे! अक्कानं नव्या मालासाठी ठेवलेले होते ते भरले. मग म्हणाल्या, तपासणीचा खर्च राहिला. तेव्हा अक्का रडली, म्हणाली, आता काही उरलं नाही हो मॅडम. त्यानंतर ताई हा शब्द बंद झाला. फोन उचलला जाईना. बुधवारी सकाळी बघते तर पडदा कोरा, हिला त्यातून काढून टाकलेलं. दार हिच्यासाठी लागलं, बाकीच्यांसाठी सताड उघडंच होतं. तेही तिला कळत होतं. बाकीच्यांत शालन होती.

उजाडला गुरुवार. बाजार भरला. अक्कानं छत्री रोवली. घरी बसली असती तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून आली. तोंडात घास गेला नव्हता. आणि पहिलीच शालन आली! नवऱ्याला तालुक्याला धाडायचं होतं, घाईत होती. बसली, हात पुढं केला. त्या हातात अजून पाटल्या होत्या.

शालननं सगळं मोकळेपणी सांगितलं. सोनाराशी बोलणं झालंय. फीचा दिवस आठवड्यावर आलाय. किमया मॅडम म्हणतात की पाटल्यांचे पैसे आठवडाभर आत ठेवा, दुप्पट होतील, म्हणजे फी भागून पोरीच्या राहण्या-खाण्याचंही होईल. मोनाली नको म्हणते. घरात वाद झालाय. मग शालन म्हणाली, मी घरी सांगून आलेय, अक्काला विचारते, ती सांगेल तसं करीन.

अक्काच्या हातात शालनचा पंजा. बांगडी अर्ध्यावर, बोटांच्या पेरांवर अडलेली. शालननं विचारलं, "अक्का, तुमच्या पैशाचं काय झालं?"

मंडळी, त्या बाईचं काय होत असेल! तिला सांगायचं होतं. मी साक्ष देतो तिच्या बाजूनं, तिला सांगायचंच होतं. पण 'बुडाले' हा शब्द त्या जिभेला येईना. सकाळची वेळ, भवानीचं गिऱ्हाईक, सवाष्णीचा हात हातात! जन्माची सवय आड आली. खाली बघत, पडल्या आवाजात तिनं सांगितलं ते तिच्या धंद्याच्या भाषेत सांगितलं.

"वाढलं गं," ती म्हणाली.

आणि मान वर केली, तर शालनचं तोंड उजळलेलं!

शालनला वाटलं, वाढलं म्हणजे वाढलं. दुसरं काय वाटणार? पडद्यावर रोज तोच शब्द, आता अक्काच्या तोंडीही तोच. अक्कानं ते उजळलेलं तोंड बघितलं. आपलं बोलणं कुठं गेलं, हे तिला त्या क्षणी कळलं. इथपर्यंत तिची चूक नव्हती हो! जीभ घसरली, सवय नडली, म्हणता आलं असतं. अजून शालनचा हात तिच्या हातात होता. तो घट्ट धरून एक वाक्य बोलायचं होतं, थांब गं, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण मग सगळ्या बाजाराला कळलं असतं. ज्या चौघींनी हिच्या शब्दावर पैसे घातले त्या चौघी दारात आल्या असत्या. द्वारकाक्काच्या हाताला गुण आहे म्हणणारं गाव, कासारीण फसली म्हणालं असतं. लाज वाटली. एवढीशी लाज! तिनं बांगडी पुढं सरकवली आणि गप्प बसली.

शालननं वाकून नमस्कार केला आणि गेली.

त्याच दिवशी पाटल्या मोडल्या. पैसे आत गेले. आठवड्यानं कर मागितला, मग तपासणीचा खर्च, मग पडदा कोरा. तुम्हाला आता पाठच झालंय! पण शालनला कुणी पाठ करवलं नव्हतं. जिच्याकडं तो धडा होता, ती छत्रीखाली गप्प बसली होती.

फीचा दिवस गेला. मिरजेची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. मोनाली आईला एक शब्द बोलली नाही. ती दोघींना घेऊन सायबर पोलिसांकडे गेली. तिथला साहेब भला माणूस, ओरडला नाही. त्यानं तारखा विचारल्या. अक्काचा बुधवार, शालनचा गुरुवार. त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला आणि अक्काला विचारलं, की बुधवारीच का नाही कळवलंत? त्याच दिवशी कळवलं असतं तर कदाचित ते खातं तिथंच थांबवता आलं असतं. निदान या बाईंचे पैसे तर गेले नसते. तो सहज बोलला. त्याला काय माहीत, मधे काय घडलं होतं. शालननं मान वळवून अक्काकडं बघितलं. तिला तिथं पहिल्यांदा तारखांचा मेळ लागला.

बाहेर आल्यावर ओट्यावर शालन म्हणाली, तुम्ही 'वाढलं' म्हणाला होतात. अक्का रडायला लागली. म्हणाली, अगं, मी आमच्या बोलीत बोलले, आम्ही तसंच म्हणतो, तू लहानपणापासून ऐकतेस. शालननं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "मला कळलं नव्हतं अक्का. पण मला कळलं नाही, हे तुम्हाला कळलं होतं."

मागच्या बाजूला मघाशी 'नाही' म्हणालेला माणूस कुठं आहे? आहे का जागा? नको, उत्तर देऊ नका.

पुढं काय झालं, तेही ऐका. अक्कानं पुढच्या गुरुवारी छत्री रोवली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला, हात हातात घ्यायच्या आधी, सांगायला लागली. माझे पैसे बुडाले. मी फसले. आणि शालनला मी गप्प बसून बुडवलं. स्पष्ट, त्याच शब्दांत! बाया दचकायच्या. बांगड्या भरताना असलं अभद्र कुणी बोलतं का? गिऱ्हाईक आणखी कमी झालं. पण पैसे घातलेल्या बाकीच्या बायांनी आपले होते नव्हते ते पैसे मागून पाहिले, गेले ते गेले, नवे मात्र कुणी घातले नाहीत. आणि वाळेगावात तो निरोप पुन्हा आला तेव्हा बाया एकमेकींना विचारायला लागल्या, काढून बघितलेस का? किती वाढले, हे कुणी विचारेना.

शालन बाजाराला यायची, मारुतीच्या पलीकडून जायची. तिच्या हातातल्या जुन्या हिरव्या बांगड्या धुण्या-भांड्यात एकेक कमी होत गेल्या. पाटल्यांची जागा रिकामीच होती. अक्काला ते छत्रीखालून दिसायचं. मोनाली अजून कानाला ते यंत्र लावून लोकांचं बोलणं लिहून द्यायची. फी साठवत होती. पण पोरीची उमेद त्या साली जी खचली ती पहिल्यासारखी झाली नाही, असं लोक सांगतात.

आणि एका गुरुवारी शालन छत्रीपुढं येऊन बसली. हातात एकही बांगडी नव्हती. शेवटची आदल्या दिवशी गेली होती, आणि सवाष्ण बाई मोकळ्या हातानं किती दिवस राहणार? तिनं हात पुढं केला. अक्कानं तो घेतला. पंजा चेपला. पण दुसरीच बांगडी पेरांवर आली आणि कट्‌ झालं.

अक्काचे ओठ सवयीनं हलले. 'वा' एवढं आलं तोंडात. ती थांबली. तिनं शालनच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "फुटली, शालन."

शालन म्हणाली, "हो. फुटली." आणि तिला रडू आलं. अक्काला तर कधीच आलं होतं. भर बाजारात दोघी एकमेकींचा हात धरून रडल्या. मग अक्कानं डोळे पुसून बाकीच्या बांगड्या भरल्या. पाटल्यांची जागा मधे सोडून.

मंडळी, आता तुम्हाला वाटत असेल, बुवा आता सांगणार की शालननं वाकून नमस्कार केला. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. पण शालन उठली, पैसे दिले आणि गेली. नमस्कार केला नाही. अक्का छत्रीपुढच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. तिनं परत कधी तो नमस्कार मागितला नाही, आणि तिला तो मिळालाही नाही.

झालं आख्यान. आता जरा तुमच्याकडं वळतो. काम देणारा पैसे मागतोय का, आणि मिळालेले हातात येतात का, हे तुम्ही आता विचाराल. पोरीनं शिकवलंय तुम्हाला, माझं त्यात काही नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्याच माणसाशी. एवढ्या मोठ्या मंडपात कुणीतरी आहे, जो आधीच फसलाय. बायकोला सांगितलं नाही. भावाला सांगितलं नाही. शेजारी विचारतो, कसं चाललंय? आणि तो म्हणतो, चाललंय की! खोटं काही बोलत नाही बिचारा. बाबा रे, बाई गं, तू कोण आहेस मला माहीत नाही, आणि मला जाणूनही घ्यायचं नाही. पण तुझ्या शेजारी बसलेल्या बाईच्या हाताकडं एकदा बघ. त्या हातात अजून पाटल्या आहेत. उद्या सकाळी ती तुलाच विचारायला येणार आहे.

टाळ घ्या हातात. पण नाम जरा हळूच घ्या आज, म्हणजे शेजारच्याला काही सांगायचं असेल तर ते ऐकू येईल.